मी तर रंगीतच पाठवली होती

मे महिन्याच्या सुट्टीत गावी गेले तेव्हा माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. खेड तालुक्यातलं आमचं घर, चार महिने कोसळणारा पाऊस, आणि ट्रंकेत गोधड्यांखाली एकोणीस व्हिडिओ कॅसेटी. सहा कॅसेटींच्या काचेतून आत पाहिलं तर रिळावर पांढरी भुकटी दिसत होती. बुरशी. त्या तशाच बाजूला ठेवल्या. बुरशी लागलेली कॅसेट व्हीसीआरमध्ये घातली की बुरशी यंत्राच्या हेडवर जाऊन बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. उरल्या तेरा. त्यातल्या दोन कॅसेटींबद्दल इथे लिहिते आहे.

पहिली फुफीच्या निकाहची, डिसेंबर १९८९ मधली. लेबलावर अब्बांचं उर्दू अक्षर. धाकटे चाचा तेव्हा जेद्दाला नोकरीला होते. खांद्यावर ठेवायचा मोठा कॅमेरा घेऊन ते आले होते. बायकांच्या बाजूला बाहेरचा व्हिडिओवाला येणार नाही असं दादीनं ठरवलं होतं, म्हणून चाचा स्वतःच माजघराच्या दारात उभे राहिले. आत दादी, तिच्या दोन बहिणी आणि शेजारणी लग्नाची गाणी म्हणताहेत. आमच्या कोकणी बोलीतली, हळदीची आणि मुलगी सासरी निघतानाची गाणी. ती मी कुठल्याही पुस्तकात पाहिलेली नाहीत, ना उर्दू लिपीत, ना देवनागरीत. दादी १९९६ मध्ये गेली. ती गाणी आता फक्त त्या अर्धा इंच रुंदीच्या फितीवर आहेत.

दुसरी कॅसेट रमजानमधल्या तरावीहची. चाचांनी सौदी टीव्हीवरून टेप करून पाठवलेली. रमजानच्या रात्री निम्मा मोहल्ला आमच्या पडवीत बसून ती बघायचा. आधी आमच्याकडे ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. १९९२ मध्ये रंगीत आला, तरी ही कॅसेट काळी-पांढरीच दिसत राहिली. जुनी झाली, रंग उडाला, असं सगळे म्हणायचे.

आखाताचा पैसा कोकणात आला तो १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले तेव्हा. घरांवर कौलांच्या जागी स्लॅब पडले, आणि सुट्टीवर येणाऱ्याच्या सामानात कापड, अत्तर, टेपरेकॉर्डर आणि पुढे व्हीसीआर. आपल्या समाजाच्या इतिहासाबद्दल लिहिताना आपण सनदा, वक्फनामे, जुनी उर्दू मासिकं शोधतो. १९८० ते २००० या वीस वर्षांतला सामान्य घरांचा इतिहास मात्र अशा ट्रंकांमध्ये पडून आहे, आणि तो कागदापेक्षा लवकर संपणार आहे. जपानच्या फुनाई कंपनीनं जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. तो शेवटचा मोठा कारखाना होता.

तर मी स्वस्तातली एक कॅप्चर डबी आणली, जी एका टोकाला व्हीसीआरला आणि दुसऱ्या टोकाला लॅपटॉपच्या यूएसबीला जोडतात. अब्बांचा व्हीसीआर चालू झाला याचंच आधी कौतुक वाटलं. पण संगणकाच्या पडद्यावर जे आलं ते बघवेना. दाराची चौकट पाण्यातल्या काठीसारखी हलत होती. चित्राचा वरचा भाग एका बाजूला वाकलेला. कुणी हात हलवला की हाताला कंगव्याचे दात फुटत. तळाशी मुंग्यांचा एक पट्टा सतत वळवळत होता. बायकांच्या पांढऱ्या ओढण्यांच्या जागी नुसते पांढरे डाग. मधूनच सगळा पडदा निळा. आणि दहा मिनिटांनंतर दादीचे ओठ आणि दादीचा आवाज यांची ताटातूट. शहरातल्या एका दुकानदाराला दाखवलं. त्यानं अर्धा मिनिट पाहिलं आणि म्हणाला, "टेप मेलीय मॅडम, टाकून द्या."

इलेक्ट्रॉनिक्समधलं मला काही कळत नाही. पण बीएडला एक गोष्ट शिकवली होती: मुलाच्या वहीतली चूक खोडण्याआधी ती कुठून आली ते बघा. मी व्हीसीआर संगणकापासून सोडवला आणि घरातल्या जुन्या, पाठीला कुबड असलेल्या टीव्हीला जोडला. चौकट स्थिर. वरचा वाक नाही. कंगवा नाही. तळाचा पट्टासुद्धा नाही. रंग फिकट, थोड्या मुंग्या, पण दादी नीट बसलेली. म्हणजे टेप जिवंत होती. बिघाड टेप आणि संगणक यांच्या मधे कुठेतरी होता.

ही एक चाचणी केल्याशिवाय कुणीही पुढे जाऊ नये. जुन्या टीव्हीवरही दोष दिसला तर तो टेपचा किंवा व्हीसीआरचा. मग हेड साफ करा, ट्रॅकिंगचं बटण फिरवा, टेप एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळा, म्हणजे तिचा ताण सारखा होतो. (हेड साफ करताना कानातल्या कापसाच्या काडीनं घासू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेलं मऊ चामडं हलकेच टेकवून धरायचं आणि ड्रम हातानं फिरवायचा. वर-खाली घासलं तर हेड तुटतं.) तिथे दोष दिसला नाही तर मात्र टेपला हात लावू नका.

पण एकच टेप एका पडद्यावर स्थिर आणि दुसऱ्यावर हलती का? याचं उत्तर शोधताना मला मागे, १९५६ पर्यंत जावं लागलं. त्या एप्रिलमध्ये शिकागोत अ‍ॅम्पेक्स कंपनीनं पहिला उपयोगी पडेल असा व्हिडिओ रेकॉर्डर दाखवला. चार्ल्स गिन्सबर्ग यांच्या गटात तरुण रे डॉल्बीही होता, ज्याचं नाव आपण पुढे सिनेमाच्या आवाजाशी जोडलं. अडचण अशी होती की चित्र साठवायला आवाजापेक्षा कितीतरी जास्त वेग लागतो आणि तेवढ्या वेगानं टेप पळवली तर ती काही मिनिटांत संपते. त्यांनी टेप सावकाश ठेवली आणि हेडच फिरवलं. १९७६ मध्ये जेव्हीसीनं व्हीएचएस आणलं तेव्हा हीच कल्पना घरात आली. आपल्याकडच्या व्हीसीआरमध्ये टेप सेकंदाला साधारण २.३ सेंटीमीटर सरकते, पण तिच्यावरून तिरपं फिरणारं हेड सेकंदाला जवळपास पाच मीटर धावतं. ड्रमचे मिनिटाला १५०० फेरे, दोन हेडं, आणि प्रत्येक हेड एका फेरीत अर्धं चित्र लिहितं.

म्हणजे चित्राचा सगळा भार रबरी चाक, मोटर आणि ताणलेली फीत यांच्यावर. कोकणातल्या दमट हवेत तीस-पस्तीस वर्षं पडून असलेली फीत कुठे सैल असते, कुठे ओढलेली. पडद्यावरच्या एका रेघेला ठरलेला वेळ ६४ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापेक्षाही कमी. त्यात पाव मायक्रोसेकंद मागेपुढे झालं तरी ती रेघ तीन-चार ठिपके सरकते. जुना टीव्ही हे सहन करायचा. प्रत्येक रेघेच्या सुरुवातीला येणाऱ्या इशाऱ्याकडे बघून तो आपला वेग जुळवून घ्यायचा, रेघ उशिरा आली तर उशिरा सुरू करायचा. संगणकाची डबी मात्र आतल्या स्फटिकाच्या घड्याळावर चालते. घंटा झाली की फाटक बंद, मग मूल दोन पावलांवर असलं तरी. चौकट हलत होती ती यामुळे, आणि चित्राचा माथा वाकत होता तोही यामुळेच.

यावरचा इलाज टीव्ही केंद्रांनी १९७०च्या दशकातच शोधला होता. त्याला टाइम बेस करेक्टर म्हणतात. हे यंत्र प्रत्येक रेघ थोडा वेळ स्वतःजवळ ठेवतं आणि नेमक्या ठेक्यावर पुढे सोडतं. ते आज विकत घेणं माझ्या पगारात बसत नाही. पण २००५ च्या आसपास मिळणाऱ्या काही डीव्हीडी रेकॉर्डरमध्ये आत येणारं चित्र असंच सावरून बाहेर सोडण्याची सोय असते. माझ्या एका सहकाऱ्याकडे असा रेकॉर्डर धूळ खात पडला होता. व्हीसीआर आणि डबी यांच्या मधे तो जोडला, रेकॉर्डिंग न करता नुसता मधे. चौकट उभी राहिली. मधूनमधून येणारा निळा पडदाही बराच कमी झाला. राहिलेला निळा पडदा व्हीसीआरच्या मेनूत बंद करता आला, कारण सिग्नल कमजोर झाला की यंत्र स्वतःहून निळं चित्र पुढे करतं.

एक विचित्र गोष्ट इथेच सांगते. त्याच डबीनं दोन वेळा 'ही टेप संरक्षित आहे' असं सांगून काम थांबवलं होतं. फुफीच्या निकाहचे हक्क कुणाकडे असणार? त्याचं मूळ १९८५ मध्ये आहे. 'द कॉटन क्लब' या सिनेमाच्या व्हिडिओ कॅसेटवर मॅक्रोव्हिजन नावाचं कुलूप पहिल्यांदा लावलं गेलं. नकल करणाऱ्या यंत्राला चित्राची उजळपणाची पातळी ठरवता येऊ नये म्हणून न दिसणाऱ्या रेघांमध्ये मुद्दाम खोटे इशारे भरायचे, अशी ती युक्ती. घरगुती टेप जुनी होऊन अस्थिर झाली की तिच्यातले इशारेही तसेच दिसू लागतात आणि डबीला चोरीचा संशय येतो. मधे रेकॉर्डर आल्यावर हा आरोपही मागे घेतला गेला.

कंगव्याचे दात हा मुळात दोषच नाही. १९३६ मध्ये बीबीसीनं लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून नियमित प्रक्षेपण सुरू केलं तेव्हा दोन पद्धती आलटून पालटून चालवल्या गेल्या. बेअर्डची २४० रेघांची, आणि मार्कोनी-ईएमआयची ४०५ रेघांची. दुसरीत आधी विषम रेघा काढायच्या, मग सम. अशानं तेवढ्याच सामग्रीत चित्र कमी लुकलुकतं. फेब्रुवारी १९३७ पर्यंत बेअर्डची पद्धत बाद झाली आणि ही 'एकाआड एक' रेघ पुढची सत्तर वर्षं जगभर राहिली. दादीच्या चित्रातही सेकंदाला पन्नास अर्धी चित्रं आहेत. दोन अर्ध्यांच्या मधे तिचा हात पुढे गेलेला असतो. संगणक ती दोन अर्धी एकत्र विणून दाखवतो, म्हणून दात. कॅप्चर करताना यावर उपाय करायचा नसतो. ७२० गुणिले ५७६ असं पूर्ण चित्र, जसं आहे तसं, एकाआड एक रेघांसकट उतरवून घ्यायचं. दात नंतर, वेगळ्या प्रतीत काढायचे, आणि तेही सेकंदाला पन्नास चित्रं ठेवून, नाहीतर हालचाल अडखळते. माझ्याकडून झालेली सर्वांत मोठी चूक इथली. डबीसोबत आलेला प्रोग्रॅम न विचारता उंची ५७६ वरून ४८० करत होता. विषम आणि सम रेघा एकमेकींत मिसळून गेल्या आणि मग जगातला कुठलाही प्रोग्रॅम त्या सोडवू शकला नाही. सव्वादोन तासांची ती फाइल मी पुसून टाकली आणि पुन्हा पहिल्यापासून बसले.

तळाचा मुंग्यांचा पट्टा म्हणजे एका हेडकडून दुसऱ्या हेडकडे काम जातं तो क्षण. तो प्रत्येक व्हीएचएस टेपवर असतो, नव्या टेपवरसुद्धा. जुन्या टीव्हीची चौकट कडेचा थोडा भाग झाकून टाकायची म्हणून तो आपल्याला कधी दिसला नाही. जळालेल्या पांढऱ्या ओढण्यांचा हिशोब असा. १९८२ मध्ये चित्राचे आकडे करण्याचे आंतरराष्ट्रीय नियम ठरले, त्यात काळ्याला १६ आणि पांढऱ्याला २३५ दिला. चाचांनी भर उन्हात दाराकडे कॅमेरा वळवला तेव्हा सिग्नल त्यापलीकडे गेला, आणि डबीनं वरचं छाटून टाकलं. कॅप्चर सुरू करण्याआधी कॉन्ट्रास्ट खाली आणला तेव्हा ओढण्यांवरची किनार दिसू लागली. छाटून गेलेलं नंतर परत आणता येत नाही, फिकट आलेलं मात्र गडद करता येतं.

आवाजाची ताटातूट ही बिचाऱ्या लॅपटॉपची दमछाक होती. काहीही न दाबता हे चित्र सेकंदाला जवळपास २१ एमबी जागा खातं, तासाला पंचाहत्तर जीबी. डिस्क मागे पडली की फ्रेम गळतात, आवाज मात्र चालू राहतो. हफवाययूव्ही नावाच्या पद्धतीनं काही न गमावता हे आकारमान निम्म्याहून खाली आलं. अँटिव्हायरस, वायफाय बंद केलं, यूएसबी हब काढून डबी थेट जोडली, आणि फ्रेम गळणं थांबलं. तरी दर वेळी आठ-नऊ मिनिटांनी काम बंद पडे. बाहेरची डिस्क जुन्या फॅट३२ पद्धतीची होती, आणि तिच्यात चार जीबीपेक्षा मोठी फाइल मावतच नाही. हे कळायला दोन रात्री गेल्या.

आता दुसरी कॅसेट.

तिच्यात बिघाड असा काही दिसतच नव्हता. काळं-पांढरं, स्थिर, स्वच्छ चित्र. मी ते तसंच उतरवूनही घेतलं होतं. मग एका रात्री मुलांसाठी भारतीय टीव्हीवर टिपण करत होते: १९५९ दिल्ली, १९७२ मुंबई, १९८२ रंगीत. आपण रंगासाठी पाल पद्धत घेतली, असं लिहिलं आणि थांबले. सौदीनं कुठली घेतली होती?

अमेरिकेत रंगीत टीव्हीचा नियम १९५३ मध्ये ठरला. त्यात वाटेत रंग बदलायचे, चेहरे हिरवे पडायचे. जर्मनीत टेलिफुंकनच्या वाल्टर ब्रुख यांनी जानेवारी १९६३ मध्ये दाखवलेल्या पाल पद्धतीत एका रेघेतली चूक पुढच्या रेघेत उलटी येते आणि दोन्ही मिळून मिटते. फ्रान्समध्ये आंरी द फ्रान्स यांनी सेकाम काढली, तिच्यात रंगाच्या दोन बाजू एका रेघेत एक, पुढच्या रेघेत दुसरी अशा जातात. १९६७ मध्ये पश्चिम जर्मनीनं पाल सुरू केली, फ्रान्स आणि सोव्हिएत संघानं सेकाम. मग बाकीच्या जगानं बाजू निवडल्या. ब्रिटनच्या छायेतल्या कुवेत आणि अमिरातीत पाल. इजिप्त, इराक, इराण आणि सौदीत सेकाम. यात विज्ञानाइतकंच राजकारणही होतं.

पाल व्हीसीआरमध्ये सेकामची टेप घातली तर यंत्राला ओळखीचा रंगाचा इशारा सापडत नाही. अशा वेळी आतला एक भाग रंग पूर्ण बंद करतो, म्हणजे निदान चित्र स्वच्छ दिसावं. तंत्रज्ञ त्याला 'कलर किलर' म्हणतात. तो कसलीही सूचना देत नाही. जो बिघाड ओरडून सांगतो तो बरा. हा गप्प बसून नीट चित्र दाखवतो.

आमच्याच मोहल्ल्यात एका बंद घरात सौदीहून आणलेला बहुपद्धती व्हीसीआर होता, मागे 'मीसेकॅम' असं बटण असलेला. मध्यपूर्वेतल्या सेकामसाठी व्हीएचएसवर जी वेगळी तऱ्हा वापरत तिचं ते नाव. घरमालकांची परवानगी फोनवर मिळाली. बेल्ट सैल झाला होता, तो चिपळूणच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकनं बसवून दिला. आमच्या टीव्हीवर चित्र पुन्हा काळं-पांढरंच, कारण टीव्हीही पालच. मग डबीला जोडून प्रोग्रॅमच्या मेनूत पालच्या जागी सेकाम निवडलं.

रंग आले. थोडे सांडलेले, कडेला लाल जरा पसरलेला, कारण व्हीएचएसवर रंगाला जागाच फार थोडी असते. पण आले.

दुसऱ्या दिवशी चाचांना दाखवलं. आता पंचाहत्तर पार आहेत, कानानं कमी ऐकू येतं. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मी तर रंगीतच पाठवली होती, पोरी. तुम्ही कधी सांगितलं नाहीत." अब्बांनी पत्रात लिहिलं असेल, टेप मिळाली, सगळे बघतात, दुआ देतात. रंग दिसत नाही ही तक्रार जेद्दात कष्ट करणाऱ्या धाकट्या भावाला कोण कळवणार? पडवीत बसणाऱ्यांपैकी निम्मी माणसं आज कब्रस्तानात आहेत. त्यांनी ते असंच पाहिलं.

फुफीच्या निकाहच्या मी दोन प्रती ठेवल्या आहेत. एक मूळ, जशी टेपवरून उतरली तशी, तळाच्या पट्ट्यासकट, कंगव्यासकट. जुन्या हस्तलिखिताची नक्कल करणारा कातिब स्वतःच्या समजुतीनं शब्द दुरुस्त करू लागला की पुढच्या पिढीला मूळ शब्द मिळत नाही, हे उर्दू शिकवणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. दुसरी प्रत बघण्यासाठी: दात काढलेली, पट्ट्यावर काळी पट्टी, चेहरे रुंद दिसू नयेत म्हणून चारास-तीनच्या मापात बसवलेली. ती फोनवर सगळ्यांना पाठवली.

गाण्यांमध्ये पाच ठिकाणी टेपवरचा थरच गेलाय. तिथे पांढरे फराटे येतात आणि आवाज बुडतो. हे खरोखर टेपचं दुखणं, कुठल्याही यंत्रानं भरून न येणारं. फुफीला लाउडस्पीकरवर ऐकवलं. चार ठिकाणचे शब्द तिनं लगेच सांगितले, मी दोन्ही लिप्यांत लिहून घेतले. पाचव्या ठिकाणी, हळदीच्या गाण्याच्या तिसऱ्या कडव्यात, ती अडली. रत्नागिरीला तिची एक चुलत बहीण आहे, दादीच्या मागे बसून टाळ्या वाजवणारी. पुढच्या आठवड्यात तिच्याकडे जाणार आहे. ट्रंकेतल्या अकरा कॅसेटी अजून व्हायच्या आहेत, आणि व्हीसीआरचं हेड आता कुरकुर करू लागलंय.